तीन मिशाळ, रात्री दोन वाजता

"मांजर पाळा, घरात झुरळ औषधालाही सापडणार नाही," असं ज्यांनी मला छातीठोकपणे सांगितलं, त्यांच्याकडे कुत्रा होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

ठमी आल्यापासून झुरळं काही कमी झाली नाहीत. पूर्वी ती मोरीच्या जाळीखाली गुपचूप संसार करायची. आता मध्यरात्री पलंगावर येतात. म्हणजे आणली जातात.

परवा छातीवर धप्पकन काहीतरी पडलं. ठमीच होती. तिच्या तोंडातून दोन लांब मिशा लोंबत होत्या आणि त्या तिच्या नव्हत्या. मी डोळे उघडलेले पाहून ती कौतुकाच्या अपेक्षेनं "म्याव" म्हणाली. आता म्याव म्हणायचं तर तोंड उघडावं लागतं.

दिवा लावला तेव्हा झुरळ जमिनीवर होतं आणि त्यावर ठमीचा पंजा. आता निकाल लागणार म्हणून मी श्वास रोखला. तर हिनं पंजा उचलून खाली डोकावून पाहिलं! झुरळ सुटलं. मोठं तांबडं झुरळ सेकंदाला दीड मीटरपर्यंत पळतं म्हणे. मी त्याआधीच पलंगावर उभा होतो. ठमीनं पुन्हा झडप घातली, पुन्हा पंजा ठेवला, पुन्हा डोकावली. असं पाच वेळा. ही शिकार की चौकशी समिती?

शेवटी झुरळ दमून थेट तिच्या हनुवटीखाली येऊन थांबलं, आणि बाईसाहेबांना ते दिसेना. मांजराला अंधुक उजेडात आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं, पण नाकापासून वीतभर अंतरावरचं सगळं धूसर. तिथं ते मिशा पुढे काढून चाचपतं. ठमीच्या मिशा पुढे आल्या, झुरळाच्या वर झाल्या, वरून वाकलेल्या माझ्या होत्याच. तिघंही क्षणभर स्तब्ध.

"अहो, फवारा मारा की," पांघरुणातून आवाज आला. डोकं आतच.

मारला असता! पण कित्येक कीटकनाशकांत परमेथ्रिन असतं. मांजराच्या यकृताला ते झेपत नाही, झटके येऊन जिवावर बेततं. झुरळासाठी मांजर आणलं आणि मांजरापायी फवारा गेला. उरली चप्पल.

ती घेऊन मी उतरलो. ठमीनं जांभई दिली आणि माझ्या उबदार उशीवर जाऊन बसली. शिकार तिची, खून मात्र मी करायचा! नेम धरून हाणली. पण झुरळाच्या बुडाशी दोन बारीक शेपट्या असतात, चप्पल पोचण्याआधी तिचा वारा त्यांना लागतो. ते पलंगाखाली, माझ्याच बाजूला.

बॅटरी मारून पाहिलं. कोपऱ्यात बसून ते एकेक मिशी तोंडात धरून निवांत साफ करत होतं. वर उशीवर ठमीचंही तेच चाललेलं. मी मधे, हातात चप्पल.