दाढी करून बोर्डासमोर जाऊ नका म्हणे!

आज सकाळी नातेवाईकांच्या ग्रुपवर आमच्या एका मामांनी फॉरवर्ड टाकला. बोगस दिव्यांगांनी महाराष्ट्र पोखरलाय, धडधाकट माणसं घरबसल्या महिना अडीच हजार उचलतात, आपण मात्र कर भरत मरायचं, वगैरे वगैरे. खाली पटापट अंगठे. त्यात ज्यांना आमच्या घरातलं सगळं माहीत आहे अशांचेही. मी उत्तर लिहिलं, खोडलं, मोबाईल पालथा टाकला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. पण डोक्यातून जाईना. म्हणून इथं लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याला विचारूनच लिहितेय. "लिही, पण मला बिचारा करू नकोस," एवढीच त्याची अट.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आम्ही बोर्डासमोर, म्हणजे अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांसमोर, गेलो त्याच्या आदल्या रात्री आईनं त्याच्या निळ्या शर्टाला इस्त्री केली. सकाळी मागं लागून त्याला दाढी करायला लावली. मोठ्या डॉक्टरांपुढं जायचं तर माणसानं नीटनेटकं जावं, एवढाच तिचा हिशेब. आता आमच्या घरात दाढी होणं ही साधी गोष्ट नाही. वाईट दिवस असले की तो बाथरूमकडे फिरकतसुद्धा नाही, खिडकीचे पडदे पिना लावून बंद करून बसतो. त्यामुळे त्या सकाळी आई खूश होती. रुग्णालयातल्या बाकड्यावर (नाव घेत नाही, घेऊन काय उपयोग) शेजारी बसलेल्या एका बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ताई, दाढी कशाला केलीत हो त्याची? पहिल्यांदाच आलात वाटतं?"

मला तेव्हा कळलंच नाही त्या काय म्हणतायत ते.

आत विचारलं, अंघोळ स्वतः करतोस? हो. जेवतोस? हो. बाहेर एकटा जातोस? जातो. काम? "कंपनीत होतो. आता शोधतोय." एकही शब्द खोटा नाही. फक्त कंपनीत तो होता ते महिनाभर, आणि सुपरवायझर चहात काहीतरी घालतोय अशी खात्री पटल्यावर डबा तिथंच टाकून चालत घरी आला होता, हे कुणी विचारलं नाही. मी बोलायला गेले तर "पेशंटला बोलू द्या". अपंगत्वाचे टक्के चाळीसच्या आत. संपला विषय.

ज्यांच्या घरी हे आलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मानसिक आजाराचे टक्के 'आयडियाज' नावाच्या मोजपट्टीवर ठरतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम, अशा चार बाबींत प्रत्येकी शून्य ते चार गुण, आणि आजार किती वर्षांचा आहे त्याचे वेगळे गुण. एकूण वीस. बेरीज सात झाली की चाळीस टक्के, म्हणजे कायद्याच्या लेखी तुम्ही सवलतींना पात्र. सहा झाली तर तुम्ही ठणठणीत, घरी जा. मोजपट्टी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ती नीट वापरायची तर घरच्यांशी बोलावं लागतं, जुने कागद चाळावे लागतात, वेळ द्यावा लागतो. बाहेर शंभर माणसं ताटकळत असताना तो वेळ कोण देणार? मग जे डोळ्यांना दिसतं त्यावर गुण पडतात. दिसला काय, तर इस्त्रीचा शर्ट!

आणि मानसिक आजार काही काल-परवा यादीत घुसलेला नाही. 1995 च्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यातही तो होता. 2016 च्या कायद्यानं एकवीस केले, त्यातही आहे. तीस वर्षं कायद्यात असलेली गोष्ट, आणि खिडकीपलीकडचा माणूस अजून म्हणतो, "दिसायला तर चांगला आहे की!"

आता मामांच्या मुद्द्याकडे येते. बोगस प्रमाणपत्रं आहेत का? आहेत. 2024 मध्ये पुण्याच्या त्या प्रशिक्षणार्थी आयएएस बाईंचं प्रकरण गाजलं, ते सगळ्यांनी पाहिलंय, आणि फेरतपासणीला माझा विरोध नाही. बस. पण एवढं कबूल करून मला विचारायचंय, त्या तपासणीत भरडलं कोण जातं? ज्याची ओळख आहे, ज्याला कुणाला फोन करायचा हे कळतं, त्याला रांगेतली बाई सांगायच्या आधीच ठाऊक असतं की दाढी करायची नाही. भरडली जाते ती आमच्या आईसारखी बाई, जी पोराला माणसात आणायला सकाळभर झटते आणि त्याचीच शिक्षा भोगते. तुम्ही जितके सावरलेले दिसाल तितके टक्के कमी. म्हणजे खरं वागलात की बाहेर, नाटक केलंत की आत. हे शिकवतंय कोण लोकांना? आणि वर बोंब मारायची की लोक खोटारडे आहेत!

आणि ते अडीच हजार. ऐका आता. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना 2025 च्या ऑक्टोबरपासून महिना 2,500 झाले, त्याआधी 1,500 होते. वाढवले, चांगलं केलं, आंदोलनं करणाऱ्यांचे उपकार. पण मिळतात कुणाला? दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000. महिन्याची नाही हो, वर्षाची. सगळ्या कुटुंबाची! महिन्याला 4,166 रुपये पडले. एवढ्यात घर चालवणारं कुटुंब तहसीलदारांच्या दाखल्यावर असेलही, पण जमिनीवर शोधून दाखवा. केंद्राच्या दिव्यांग पेन्शनची कथा आणखी भारी. दारिद्र्यरेषेखाली हवं, अपंगत्व 80 टक्के हवं, आणि मग केंद्राचा वाटा महिना 300 रुपये. 2012 पासून तो आकडा तिथंच बसलाय. तेव्हाचा गॅस सिलेंडर आठवून बघा.

आमच्या घरात बाबांचं कुटुंब निवृत्तिवेतन आईला मिळतं, त्यामुळे आम्ही निराधारच्या यादीत येतच नाही. एक रुपया येत नाही, मामा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे म्हणून मी आशेनं गेले, तर ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांनाच. आमचा नंबर तिथंही नाही. मग कशासाठी चाललीय ही धावपळ? तर आईच्या माघारी ते निवृत्तिवेतन भावाला चालू राहू शकतं, पण तो स्वतः कमावू शकत नाही हे सरकारी कागदावर सिद्ध झालं तर. आई सत्तरीच्या पुढं आहे. रात्री पाणी प्यायला उठते आणि मला विचारते, "त्याचा कागद झाला का गं?" तिला पैशाची हाव नाहीये. माझ्यावर ओझं पडू नये एवढंच तिच्या मनात आहे, आणि हे ती मला तोंडावर सांगत नाही.

जरा थांबून आले. चहा घेतला. आता शांतपणे.

सगळेच वाईट भेटले असंही नाही. पुढच्या खेपेला तिथल्याच एका समाजसेविकेनं आम्हाला बाजूला बसवलं आणि भावालाच विचारलं, "शेवटचं कधी एकटा बसनं गेलास? परत कसा आलास?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "परत नाही आलो. ताई घ्यायला आली." त्यांनी ते लिहून घेतलं, आमच्या मानसोपचारतज्ज्ञांकडून नीट टिपण आणायला सांगितलं. त्या वेळीही तो दाढी करूनच गेला होता. आईनं ऐकलं नाही. "माझा मुलगा गबाळा दिसणार नाही," म्हणाली. या वेळी चाळीसच्या वर टक्के लागले, पिवळं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आलं. पण प्रमाणपत्र तात्पुरतं, मुदत संपली की पुन्हा बोर्ड. स्किझोफ्रेनिया काय मुदतीत बरा होतो? होतात म्हणे काही जण, औषधानं सुधारतात. बरं, मान्य. पण मग सुधारला म्हणून कागद गेला, कागद गेला म्हणून आधार गेला, आणि आधार गेला म्हणून परत बिघडला तर?

प्रमाणपत्राचं काम ऑनलाइन झाल्यामुळे अर्ज घरून भरता येतो, ही सोय झालीय, नाही म्हणत नाही. पण 2024 च्या ऑक्टोबरमध्ये नियम बदलले तेव्हा प्रमाणपत्र द्यायची मुदत एका महिन्यावरून तीन महिने केली. आमच्यासारख्यांना एक कागद कमी पडला तर दारातून परत, आणि त्यांना मात्र दोन महिने जादा. वा!

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं माणूस असेल तर माझं ऐका. नाटक करू नका, पण माहिती लपवूही नका. आपल्याकडे घरातलं झाकायची सवय असते, ती त्या खोलीच्या बाहेर ठेवा. नोकऱ्या किती लागल्या, किती सुटल्या, कशामुळे सुटल्या, हे तारखांसकट एका कागदावर लिहून न्या. डिस्चार्ज कार्डं सगळी न्या, विटकी झालेली असली तरी. डॉक्टरांकडून फक्त औषधांची चिठ्ठी घेऊ नका, हा माणूस रोजच्या जगण्यात काय करू शकत नाही ते त्यांना लिहून द्यायला सांगा. टक्के कमी लागले तर कायद्यात अपिलाची सोय आहे, 2016 च्या कायद्याचं कलम 59, खिडकीवर कुणी आपणहून सांगणार नाही. आधार आणि यूडीआयडीवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय ना तेही पाहा, आमचं एका वेलांटीनं अडलं होतं.

पोर्टलवर फॉर्म भरताना अडलात तर मला मेसेज करा. फोन संध्याकाळी सातनंतर, दिवसा मी शाळेत असते.