चुन्याचं काम येतं का, एवढं तरी विचारा!

आज सकाळी एक टेंडर नोटीस वाचली आणि तेव्हापासून डोकं तापलंय. जुन्या पार्कातलं पर्यटक माहिती केंद्र, ऐतिहासिक वास्तू, वीट-चुन्याच्या भिंती, लाकडी तुळया, त्याच्या नूतनीकरणासाठी कंत्राटदार हवाय. अटी काय, तर उलाढाल इतकी, बयाणा इतका, मुदत इतकी आणि काम सर्वात कमी दरवाल्याला. आयुष्यात एकतरी जुनी इमारत हाताळलीय का, हे विचारणारी ओळच नाही!

एका जुन्या इमारतीच्या दुरुस्तीवर मी होते तेव्हाची गोष्ट. आधीच्या कंत्राटदाराने चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला होता, दिसायला एकदम चकाचक. आमच्या गवंडीमामांनी हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं, पोकळ आवाज आला, नुसता धक्का दिला तर अख्खा पापुद्रा खाली आणि आत विटांचा भुगा. मामा म्हणाले, ताई, भिंतीला घाम येतो, तो बाहेर जायला नको का? यात सगळं आलं. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून ठेवतं, मग ते पाणी विटेतून वाट काढतं, क्षार विटेतच साचून स्फटिक होतात आणि विटेचा दर्शनी भाग सुटून पडतो. हे सगळं दोन-चार पावसाळ्यांनी कळतं, तोवर बिल पास होऊन कंत्राटदार मोकळा.

१९६४ च्या व्हेनिस चार्टरमध्ये, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात, स्पष्ट लिहिलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आणि आपल्याकडे अंदाजपत्रकात सरळ 'जुने काढून नवीन बसवणे'. काय जुनं, का काढायचं, कोणी तपासलं?

कमी दराचा नियम वशिलेबाजी रोखायला आहे, मान्य. पण दोन लिफाफा पद्धत आहे ना, आधी अनुभव बघा, मग दर उघडा.

अमेरिकेत डायनासोर नॅशनल मॉन्युमेंटला १९५८ ला व्हिजिटर सेंटर उघडलं, डायनासोरची हाडं असलेल्या कातळावरच उभारलेला काचेचा हॉल. खालची माती पाण्याने फुगणारी, इमारत हलत राहिली, २००६ ला बंद करावं लागलं, हॉल २०११ ला परत उघडला. वरून रंग मारून भागलं नसतं, पायाच बघावा लागला. आधी दुखणं शोधा, मग कंत्राट काढा, इतकं साधं आहे.

आता जरा शांत झालेय म्हणून सांगते, राग कंत्राटदारांवर नाहीये. मामांसारख्या माणसांकडे उलाढालीचा कागद कुठून येणार? ते कुणाच्यातरी हाताखाली मजुरीवर येतात आणि त्यांचं ऐकायला कोणी नसतं. त्यांनी एक थर देऊन थांबायला सांगितलं की सुपरवायझर मुदत दाखवतो. अहो, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही!

तर इथे जे कंत्राटदार, आर्किटेक्ट आहेत त्यांनी प्री-बिड मीटिंगला, म्हणजे टेंडर भरण्याआधी शंका विचारायच्या बैठकीला, नक्की जा. जुन्या गिलाव्याची लॅब टेस्ट कोण करणार, नमुन्यादाखल एक भिंत आधी करून दाखवायची अट का नाही, चुन्याचं काम येणारा गवंडी साइटवर पूर्णवेळ असणार का, हे लेखी विचारा. लेखी विचारलं की उत्तर द्यावं लागतं, अटी बदलणारं शुद्धिपत्रक काढायला अजून वेळ आहे.