‘बोगस लाभार्थ्यांना कसली आलीय गोपनीयता?’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

लाडकी बहीण योजनेत सुमारे 26.34 लाख लाभार्थी अपात्र असल्याचं जुलै 2025 मध्ये जाहीर झालं, तेव्हापासून एक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: ‘पैसा जनतेचा आहे. आधारमुळे सरकारला सगळं दिसतंच. यंत्रणेने नाव काढलं म्हणजे चोरी सिद्ध झाली. तेव्हा नाव, आधार आणि खाते क्रमांकासह यादी लावा; गोपनीयतेचे नियम चोरांनाच वाचवतात.’ यातला एकच दावा अर्धा खरा आहे.

‘आधारमुळे सगळं दिसतं.’

दिसत नाही. 2016 च्या आधार कायद्यात माहितीची जी व्याख्या आहे, तिच्यातूनच उत्पन्न, जात, धर्म आणि वैद्यकीय इतिहास वगळलेला आहे. साध्या पडताळणीत योजना चालवणाऱ्या विभागाला ‘जुळतं’ किंवा ‘जुळत नाही’ एवढंच उत्तर येतं. ई-केवायसीत नाव, पत्ता, जन्मतारीख, लिंग आणि फोटो मिळतो. पैसे जमा करताना एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या मॅपरमध्ये, म्हणजे आधार-बँक जोडणीच्या यादीत, आधार कोणत्या बँकेशी जोडला आहे एवढीच नोंद पाहिली जाते. विभागाला शिल्लक दिसत नाही. घरात ट्रॅक्टर सोडून चारचाकी आहे का, कुणी आयकर भरतं का, हे अपात्रतेचे निकष आधार सांगू शकत नाही. म्हणून तर परिवहन आणि आयकर विभागांच्या नोंदींकडे जावं लागतं.

यावर पुढचा प्रश्न येतो: ‘सरकारचीच माहिती, एका खात्याने दुसऱ्याला द्यायला काय हरकत?’

हरकत नाही, पण वाट ठरलेली आहे. 1961 च्या आयकर कायद्यात करदात्याची माहिती दुसऱ्या यंत्रणेला देण्यासाठी कलम 138 होतं: कुणाला, कोणत्या कामासाठी, हे आधी ठरवायचं आणि मगच माहिती द्यायची. मोफत धान्य योजनेतल्या अपात्रांसाठी 2025 च्या सुरुवातीला हाच मार्ग वापरला गेला. अन्न विभागाने आधार किंवा पॅन आणि कर-निर्धारण वर्ष पाठवायचं, आयकर विभागाने उत्पन्नाबद्दल उत्तर द्यायचं. आधार पॅनशी जोडलेला नसेल तर तसं कळवायचं. सोबत दोन्ही विभागांत करार: माहिती कशी पाठवायची, गुप्त कशी ठेवायची, काम झाल्यावर नष्ट कधी करायची. आमच्या मते या करारात सगळ्यात महत्त्वाचं कलम नष्ट करण्याचं असतं, आणि दुर्लक्षही त्याच्याकडेच होतं. काम संपल्यावरही त्या माहितीची एक्सेल फाइल तालुक्याच्या संगणकांवर पडून राहते.

गुन्ह्याचा तपास असेल तर 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात बरीच सूट आहे, मात्र माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्या सुटीतही कायम राहते. आधारची माहिती न्यायालयामार्फत मागवायची तर उच्च न्यायालयाचा आदेश लागतो, आणि बोटांचे ठसे तेव्हाही मिळत नाहीत.

‘यंत्रणेने नाव काढलं म्हणजे चोरी सिद्ध.’

हा दावा सगळ्यात घातक. दोन याद्या जुळवल्या की संशय मिळतो, पुरावा नाही. गाडी विकली पण आरटीओत नावावरून उतरवलीच नाही. एका यादीत माहेरचं नाव, दुसरीत सासरचं. देवनागरी नाव इंग्रजीत तीन तऱ्हेने लिहिलेलं. सासऱ्याची गाडी सुनेच्या खात्यावर धरलेली. अशा चुका यंत्रणा स्वतःहून पकडत नाही. कागद घेऊन कुणीतरी घरी जावं लागतं. सरकारनेही जुलै 2025 मध्ये लाभ ‘तात्पुरता स्थगित’ केल्याचं सांगितलं होतं आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तपासून पात्र ठरलेल्यांना तो पुन्हा देण्याचं म्हटलं होतं. संदेश पाठवणाऱ्यांनी नेमकं तेवढंच वगळलं.

ऑस्ट्रेलियात 2015 नंतर ‘रोबोडेट’ योजनेने आयकर विभागाकडचं वर्षाचं उत्पन्न घेऊन 26 पंधरवड्यांत सारखं वाटलं आणि त्यावरून भत्ता घेणाऱ्यांवर वसुली काढली. हंगामी काम करणाऱ्याचं उत्पन्न सारखं कसं असेल? वसुली बेकायदेशीर ठरली, लाखो लोकांचे पैसे परत करावे लागले आणि 2023 मध्ये रॉयल कमिशनने, म्हणजे तिथल्या उच्चस्तरीय चौकशी आयोगाने, योजनेवर कडक ताशेरे ओढले.

‘आधार आणि खाते क्रमांकासह यादी लावा.’

अर्धा खरा दावा तो हाच. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील सरकारने स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो. म्हणजे कोणत्या गावात कुणाला किती मिळालं हे विचारणं रास्तच आहे. आधार क्रमांक जाहीर करणं मात्र आधार कायद्याच्या कलम 29 ने मना आहे. एप्रिल 2017 मध्ये झारखंडच्या पेन्शन संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक लोकांचे आधार क्रमांक उघडे पडले होते, तेही बँक खात्यांसह.

धोका कागदी नाही. आधारवर पैसे काढायला तीन गोष्टी लागतात: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा. जमिनीच्या दस्तांवरून उचललेल्या ठशांच्या रबरी नकला करून खाती रिकामी केल्याचे प्रकार देशात घडले आहेत. यादी लावली की तीनपैकी दोन गोष्टी आपण हातात देतो. आणि त्या यादीत चुकून आलेली पात्र बाईही असते.

‘गोपनीयता चोरांना वाचवते.’

उलट फुटलेली यादी वाचवते. चौकशी सुरू असल्याचं कळलं की बनावट अर्ज भरणारा मध्यस्थ आधी फोन आणि लॅपटॉप साफ करतो. तक्रारदाराचं नाव फुटलं तर त्या गावातून दुसरी तक्रार येत नाही. शिवाय ग्रुपवर फिरलेली एक्सेल न्यायालयात चालवणं अवघड: फाइल कोणत्या यंत्रातून, कधी, कुणी काढली, याचं प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार लागतं.

कुणाबद्दल खरोखर शंका असेल तर तालुक्याच्या महिला व बालविकास कार्यालयात लेखी तक्रार द्या. नाव, गाव, अपात्रतेचं नेमकं कारण आणि ते कशावरून कळलं, एवढं लिहा. समोरच्याच्या आधारची झेरॉक्स जोडू नका; स्वतःची ओळख द्यायची झाली तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. पोच घ्या, तिच्यावर आवक क्रमांक आहे का पाहा, आणि तक्रारीचं काय झालं हे पुढे माहिती अधिकारात त्याच क्रमांकावरून विचारा.