‘सगळ्यांना ५ लाखांचं कवच, म्हणजे सगळ्यांना सारखे उपचार’ हे खरं नाही

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मजकूर आतापर्यंत तीनदा आला. त्याचं सार असं: महाराष्ट्रात आता महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून प्रत्येक रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत, मेडिक्लेमवाल्यांची पॉलिसीही बहुधा ५ लाखांचीच असते, योजनेचे दावे, म्हणजे उपचारांपोटी रुग्णालयांनी योजनेकडे मागितलेली बिलं, दरवर्षी वाढताहेत, रुग्ण समाधानी आहेत, तेव्हा दवाखान्याच्या दारात गरीब-श्रीमंत हा फरक संपला.

माझा योजनेला विरोध नाही. २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी’ म्हणून ती सुरू झाली, २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचं नाव मिळालं आणि २०२४ पासून उत्पन्नाची अट जाऊन ती सगळ्यांसाठी खुली झाली. डायलिसिससाठी शेत विकायची वेळ आलेली घरं तिने वाचवली आहेत. म्हणून तर ती कुणापर्यंत पोहोचते, हे नीट मोजायला हवं.

‘५ लाख म्हणजे ५ लाखच’

५ लाख ही खर्चाची कमाल मर्यादा झाली. त्या मर्यादेच्या आत कोण, कुठे, कशावर उपचार करणार, हे त्या आकड्यातून कळत नाही. योजनेत उपचारांची यादी ठरलेली आहे, प्रत्येकाचा दर ठरलेला आहे आणि काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. मेडिक्लेममध्ये अडचणी वेगळ्या. आधीपासूनच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली तर बाकीच्या बऱ्याचशा बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागू शकते. जुन्या आजाराच्या बाबतीत योजना उजवी आहे, तिथे असं थांबावं लागत नाही. आणि कामगार विमा, म्हणजे ईएसआय, या दोन्हींहून निराळा. त्यात साधा ताप दाखवणंही येतं, औषधंही येतात, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगारही मिळतो. या तिघांना रकमेच्या एकाच काट्यावर कसं तोलणार?

‘दावे वाढले, म्हणजे उपचार पोहोचले’

या मुद्द्यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण हे मी घरात पाहिलंय.

माझी आत्या न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तालुक्याच्या गावी एका खाजगी रुग्णालयाच्या दाराशी योजनेचा मोठा फलक होता, म्हणून तिथे नेलं. टेबलावरच्या आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाने, कार्ड पाहिलं आणि सांगितलं, “इथे योजना किडनीच्या पेशंटसाठी आहे. हाडाचं बसत नाही.” रुग्णालय योजनेत असतं ते ठराविक विभागांपुरतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. दुसऱ्या ठिकाणी हाडांचा विभाग होता, पण “योजनेचा बेड आठ दिवस तरी नाही, रोख भरत असाल तर उद्या सकाळी घेतो,” असं उत्तर आलं. आत्या स्ट्रेचरवर पडून हे ऐकत होती. मला म्हणाली, “पोरा, घरी चल.” शेवटी जिल्ह्याच्या गावी, चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. चांगलं झालं आणि त्याचा एक रुपयाही लागला नाही. दोनदा एक्स-रे आणि खाजगी ॲम्ब्युलन्स यांचे पैसे मात्र खिशातून गेले.

आता सरकारी आकड्यांत आत्या कशी दिसते? एक मंजूर दावा. दोन ठिकाणचे नकार, तीन वाया गेलेले दिवस आणि आमचे पैसे कुठल्याच रकान्यात नाहीत. आणि ती म्हणाली तसं आम्ही खरंच घरी गेलो असतो, तर ती आकड्यांत आलीच नसती. दाव्यांची संख्या म्हणजे आत शिरलेल्यांची संख्या. गरज किती जणांना होती आणि किती जण दारातून परतले, हे कळल्याशिवाय त्या वाढीतून काहीच सिद्ध होत नाही.

‘रुग्ण समाधानी आहेत’

विचारलं कुणाला? डिस्चार्ज मिळालेल्यांना. आत्यालाही विचारलं असतं तर तिने हात जोडून “लई चांगलं केलं” असंच सांगितलं असतं.

‘दारातला फरक संपला’

हे तपासायची सरळ पद्धत आहे. अमेरिकेत शिकागो ज्या कुक काउंटीत येतं, तिथल्या मुलांच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या २७३ दवाखान्यांना संशोधकांनी आई असल्याचं सांगून दोनदा फोन केले. तक्रार तीच, मूल तेच. फक्त एकदा सरकारी विमा सांगितला, एकदा खाजगी. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले: सरकारी विमा सांगितल्यावर ६६ टक्के वेळा नकार, खाजगी सांगितल्यावर ११ टक्के. ज्यांनी दोघांनाही वेळ दिली, त्यांच्याकडेही सरकारी विमेवाल्याला सरासरी २२ दिवस जास्त थांबावं लागलं. आजार, वय, गाव सगळं सारखं ठेवून फक्त कार्ड बदललं, म्हणून हा फरक कार्डाचाच. नुसते योजनेचे आणि मेडिक्लेमचे रुग्ण शेजारी ठेवून अशी तुलना होत नाही, कारण मुळात ती माणसंच वेगळी असतात. वय वेगळं, आजार कुठल्या टप्प्यावर दाखवला तेही वेगळं.

शिवाय अंतर. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. तिथलं कार्ड आणि पुण्यातलं कार्ड छापील मजकुराने सारखं असेल, उपयोगाने नाही.

राहिला खिशाचा प्रश्न. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर १०० रुपयांपैकी ३९ रुपये लोक उपचाराच्या वेळी स्वतः मोजतात. २०१३-१४ मध्ये ते ६४ होते, तेव्हा सुधारणा नक्की आहे. पण बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या, दर खेपेची तपासणी फी असा खर्च भरती झाल्याशिवाय योजना उचलत नाही, आणि बहुतेक मेडिक्लेमही उचलत नाहीत.

तुम्हाला दारातून परत पाठवलं, तर १५५३८८ या योजनेच्या क्रमांकावर तिथूनच, त्या टेबलासमोर उभं राहून फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. आम्ही तो केला नव्हता. केला असता तर आत्याचे ते दोन नकार निदान कुठेतरी नोंदले गेले असते.