डोंगर आहे, तारीख नाही

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. अख्ख्या ब्रिटनमधला सर्वांत उंच बेन नेव्हिस १३४५. त्यामुळे शाळेत असताना कॅनव्हासचे बूट घालून कळसूबाई करून आलेला आमच्या ग्लासगोतला प्रत्येक मराठी माणूस इथल्या डोंगरांकडे जरा वरूनच बघतो. आम्ही निवडलेला अ' व्हायचन तर जेमतेम ९६७ मीटर. ‘टेकाडच की रे!’ असं आमच्यातले नाशिकचे काका म्हणाले आणि नियोजनाला सुरुवात झाली.

अडचण उंचीची नाही, पत्त्याची आहे. हा डोंगर वायव्य हायलँड्समध्ये, फिशरफील्ड नावाच्या जंगलात आहे. या जंगलात झाड शोधावं लागतं. इथं जंगल म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांची हरणं मारायची जागा. सर्वांत दुर्गम मन्रो म्हणून याचं नाव घेतात. मन्रो म्हणजे तीन हजार फुटांवरचे स्कॉटिश डोंगर, सध्या २८२. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये त्यांची पहिली यादी छापली, पण सगळे चढून व्हायच्या आत ते स्वतःच गेले. हे मी दिलासा म्हणून ग्रुपवर टाकलं. कुणाला दिलासा वाटला नाही.

बारी गावात उतरलं की कळसूबाई समोरच उभी. वाटेत लिंबू सरबत, अवघड जागी लोखंडी शिड्या, वर देवी. इथं कॉरी हॅली नावाच्या ठिकाणी रस्त्याकडेला गाडी लावायची आणि चालायला लागायचं. जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर. वेळ काढायला नैस्मिथसाहेब या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम आहे: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक. त्या हिशोबानं दहाएक तास झाले. नैस्मिथसाहेबांनी दलदल, फोटो आणि ‘जरा टेकूया का?’ हे धरलेलं नाही.

म्हणजे मुक्काम आला. वाटेत शेनावल नावाची बॉथी आहे. बॉथी म्हणजे स्वयंसेवक राखतात ते दगडी घर: भाडं नाही, आरक्षण नाही, वीज नाही, कुलूपही नाही. ‘अरे, पण संडास?’ बायकोनं विचारलं. मी नियमावली वाचून दाखवली. फावडं घेऊन घरापासून आणि पाण्यापासून लांब जायचं. यानंतर ग्रुपमधून चार जण कमी झाले. ते बरंच झालं, कारण मोठ्या गटानं बॉथीत येऊ नये असाही संकेत आहे, आणि मराठी माणसांचा गट सहाच्या खाली आणायला फावड्याइतकं प्रभावी काही नाही.

बॉथीपुढं दोन नद्या, दोन्ही बिनपुलाच्या. पाऊस जोरात झाला की त्या ओलांडता येत नाहीत.

‘आणि आपण पलीकडे असताना पाऊस आला तर?’

‘तर पलीकडेच राहायचं, काका.’

‘तिकडं बॉथी आहे?’

‘नाही.’

यावर काकांनी बराच वेळ थम्सअप पाठवलं नाही.

खरी मजा तारखेची. नोव्हेंबर ते मार्च बाद. डिसेंबरात साडेतीनला सूर्य मावळतो आणि बर्फात कुऱ्हाड घेऊन चालण्याचे संस्कार आमच्यावर झालेले नाहीत. जून ते ऑगस्ट उजेड भरपूर, पण तेव्हा मिज असतात. मिज म्हणजे मोहरीहूनही बारीक चिलटं. एक चावलं तर कळत नाही. पण एक कधी येतच नाही. वारा असला की ती उडत नाहीत. म्हणून असा वारा हवा की चिलटं बसतील, पण काका बसणार नाहीत. डोंगरी हवामानाच्या अंदाजात ‘वाऱ्याचा तुमच्यावर होणारा परिणाम’ असा खास रकानाच असतो आणि त्याखाली ‘ढगमुक्त मन्रोंची शक्यता’ टक्क्यांत. दहा टक्के दिसले की काका लिहितात, ‘म्हणजे अठ्ठावीस डोंगर मोकळे आहेत, त्यातला एखादा करू.’

ऑगस्ट ते ऑक्टोबर हरणांच्या शिकारीचे दिवस. २००३ च्या कायद्यानं इथं कुणालाही जबाबदारीनं डोंगरात हिंडायचा हक्क दिलाय, हे मला पाठ आहे. पण समोरच्याच्या हातात बंदूक असताना कायद्याचं कलम म्हणून दाखवण्यात हशील नाही. चौकशी करून, ते सांगतील त्या बाजूनं जायचं. आणि नेमकी ती बाजू आपली नसते.

उरला एप्रिलअखेर ते मे. दिवस मोठा, चिलटं कमी, नद्या त्यातल्या त्यात शांत. याच दिवसांत स्कॉटलंडमध्ये शाळांच्या बोर्डाच्या परीक्षा असतात. आमच्यातल्या निम्म्यांची मुलं त्या वयाची. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाप दलदलीत गुडघाभर उभा आहे आणि फोनला रेंज नाही, असं दृश्य मराठी घरात मंजूर होत नाही.

दरम्यान शेजारच्या एका डोंगराची बातमी वाचनात आली. २०१२ मध्ये त्याची नव्यानं मोजणी केली, ९१३.९६ मीटर भरला. मन्रो राहायला हवे होते ९१४.४, म्हणजे तीन हजार फूट. चव्वेचाळीस सेंटीमीटरसाठी यादीतून नाव गेलं. काका हरखले. ‘आणखी थोडं थांबू या. आपलाही कमी भरेल, मग जायलाच नको.’ आपल्याकडे बावन्न मीटर शिल्लक आहेत, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

तरी तयारी पूर्ण आहे. नकाशा आला, होकायंत्र आलं, संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या वाजवायच्या म्हणून शिट्ट्याही आल्या. त्या मुलांनी घरात वाजवून पाहिल्या आणि खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. ठेपले किती, यावरचा वाद मिटला. मेचा दुसरा शनिवार-रविवार सध्या तरी सगळ्यांना मोकळा आहे. फावडं कोणाच्या सॅकमध्ये जाणार यावर ग्रुपवर मतदान लावलंय. पाचही मतं मला पडली आहेत, त्यातलं एक बायकोचं.