अबॉर्टिंग, पुढे तीन टिंबं

लिनक्सवर गेम टाकायचे दोन मार्ग आहेत. गेम डिस्ट्रोच्या, म्हणजे तुमच्या लिनक्सच्या अवताराच्या, भांडारात असेल तर एक कमांड, एक पासवर्ड, आणि चहाला उकळी फुटायच्या आत काम फत्ते. नसेल तर सोर्स कोड आणून घरीच बनवायचा. मी आर्च लिनक्स वापरते, त्यामुळे हे दुसरं सुख माझ्या वाट्याला जरा जास्तच येतं. तिथे एयूआर म्हणून वापरणाऱ्यांनीच भरलेला मोठा साठा आहे. त्यात गेम नसतो, गेमची कृती असते. 'पीकेजीबिल्ड' नावाची छोटीशी फाइल: कोड कुठून उतरवायचा, कंपाइल कसा करायचा (म्हणजे त्याचा चालणारा प्रोग्राम कसा बनवायचा), ठेवायचा कुठे. ती 'मेकपीकेजी' नावाच्या प्रोग्रामच्या हवाली करायची आणि हात जोडून बसायचं. (रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊन चालवायला गेलात तर तो साफ नकार देतो, वर सिस्टिमचं कायमचं आणि भयंकर नुकसान होईल असा दमही भरतो. इतकी काळजी माझी घरात कोणी करत नाही.)

सुट्टीला आलेल्या भाच्याला गाड्या पळवायचा एक जुना गेम हवा होता. नाव सांगत नाही. लिहिणारा बिचारा केव्हाच दुसऱ्या उद्योगाला लागला असेल. मी हुकूम सोडला. पडदाभर ओळी धावल्या, भाचा भारावून बघत राहिला, आणि तळाशी उमटलं, 'एरर: अ फेल्युअर ऑकर्ड इन बिल्ड'. त्याखाली, जरा आत सरकून, 'अबॉर्टिंग' आणि तीन टिंबं.

ती टिंबं मला फार लागतात. बंदच पडायचं तर पूर्णविराम द्या ना! टिंबं कसली देता?

या ओळीचा उपयोग शून्य. काहीतरी बिनसलं एवढंच ती सांगते, आणि ते मला दिसतंच आहे. खरं कारण नेहमी वर असतं, शे-दोनशे ओळींच्या ढिगाऱ्यात. वर चढले, तर सीमेक आडवा आलेला. कंपाइलची सगळी तयारी करून देणारा मुकादम तो. गेमच्या फाइलीत लिहिलं होतं, सीमेक किमान २.८ हवा. माझ्याकडे होता ४. किमान २.८ मागितल्यावर कोणी ४ दिले तर माणसं खूश होतात. सीमेक होत नाही. २०२५ मध्ये आलेल्या ४.० पासून त्याने ३.५ च्या आधीच्या रीतिरिवाजांशी संबंधच तोडले. पण पळवाटही स्वतःच दाखवतो: अमुक पर्याय जोडा आणि तरीही करून बघा. ते 'तरीही' संदेशात खरोखर आहे. जोडलं. गाडी निदान कंपायलरपर्यंत पोचली.

तिथे 'यूइंट३२_टी'ला कंपायलर ओळखच देईना. हा साधा ३२ बिटांचा पूर्णांक, आणि जिकडेतिकडे त्याच्याच नावाचा टाहो. तो वापरायचा तर 'सीएसटीडीइंट' नावाचं हेडर, म्हणजे अशा नावांची ओळख करून देणारी फाइल, आपल्या फाइलीच्या माथ्यावर लिहून मागवायचं असतं. गेमवाल्याने ते कधीच मागवलं नव्हतं. तरी वर्षानुवर्षं निभावलं, कारण दुसरी हेडरं येताना त्यालाही सोबत घेऊन यायची. शेजाऱ्याच्या वायफायवर सगळं घर चालावं, तसं. २०२३ मध्ये जीसीसी या कंपायलरची १३वी आवृत्ती आली, तिने आपल्या लायब्ररीतली ही फुकटची ये-जा कमी केली, आणि शेजाऱ्याने पासवर्ड बदलला.

यात चूक कोणाची म्हणाल, तर कोणाचीच नाही, आणि माझा खरा संताप तोच आहे. जीसीसीचं बरोबर, नको ती हेडरं गाळली की कंपाइल लवकर होतं. सीमेकचं बरोबर, जुनं ओझं किती दिवस वाहायचं? गेमवाल्याचंही बरोबर, त्याच्याकडे चालत होतं. मी भांडू कोणाशी?

उपाय एका ओळीचा, तोही कंपायलरच सुचवतो. पण उतरवलेल्या कोडात ती हाताने घातली, तर पुढच्या खेपेला मेकपीकेजी मूळ गठ्ठा पुन्हा सोडतो आणि तुमची ओळ गायब. म्हणून ती पीकेजीबिल्डच्या 'प्रिपेअर' भागात, जो दर वेळी कंपाइलच्या आधी चालतो, मजकूर बदलणाऱ्या 'सेड' कमांडच्या गळ्यात बांधली.

मग लॅपटॉपचा पंखा असा सुटला की आतून आईने विचारलं, "अगं, मिक्सर कोणी लावला?" आठ फाइली एकदम शिजत होत्या आणि रॅम सगळी मिळून चार जीबी. लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, हिशेब मांडला आणि कंपायलरला ठार केलं. हे माझे शब्द नाहीत, संदेशच 'किल्ड' असा येतो. 'जे ८'चं 'जे २' केलं, म्हणजे एका वेळी दोनच फाइली, आणि बसले.

"आत्या, झालं का?"

"६३ टक्के."

"मगाशीपण ६३च होतं."

रात्री उशिरा पॅकेज तयार झालं. भाचा खेळला, भिंतींवर गाड्या आदळल्या, घर शांत झोपलं. सकाळी मी सिस्टिम अपडेट केली, कारण आर्चवाल्यांना त्याशिवाय दात घासल्यासारखं वाटत नाही. गेम उघडेना. गेम ज्यावर उभा होता त्या बूस्ट लायब्ररीची नवी आवृत्ती आली होती आणि गेम अजून जुन्या नावाची फाइल शोधत होता. भांडारातली पॅकेजं अशा वेळी सांभाळणारे लोक पुन्हा बांधून देतात. घरी बनवलेल्याचं ज्याचं त्याने बघायचं.

"आत्या, काल तर चालत होता."

"हो रे."

"मग आज काय बिघडलं?"

"काहीच नाही. सगळं सुधारलंय."