शेवटी ग्रेनचा एकच थर टाकून शॉट जुळत नाही

कंपोझिटिंग (वेगवेगळी चित्रं एका शॉटमध्ये जोडणं) शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘शॉट पूर्ण झाला की सगळ्यावर ग्रेनचा एक थर टाका, सीजी आणि प्लेट आपोआप जुळतात.’ हे चुकीचं आहे. (ग्रेन म्हणजे फिल्मवरचा बारीक दाणेदारपणा, सीजी म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र, प्लेट म्हणजे कॅमेऱ्याने शूट केलेलं मूळ दृश्य.)

फिल्मवरून स्कॅन केलेल्या प्लेटमध्ये ग्रेन आधीपासूनच असतो. वरून सरसकट टाकला की प्लेटवर तो दोनदा बसतो, सीजीवर एकदाच. फरक राहतो तो राहतोच. शिवाय ग्रेन सगळीकडे सारखा नसतो. प्लेट उघडून लाल, हिरवा, निळा असा एकेक चॅनल बघा. निळ्यात तो सहसा सर्वांत जाड आणि ठळक दिसेल. मधल्या छटांमध्ये तो उठून दिसतो, गडद काळ्यात आणि जळालेल्या (अति प्रकाशाने तपशील गेलेल्या) पांढऱ्यात दबतो. कोडॅकच्या ५००टी या फिल्मचा ग्रेन ५०डी या फिल्मपेक्षा जाड असतो, तेही वेगळंच. न्यूक या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरच्या ग्रेन नोडमध्ये (ग्रेन टाकणाऱ्या टूलमध्ये) तिन्ही रंगांना वेगळी साइज आणि इंटेन्सिटी देता येते, ती याचसाठी.

प्लेट डीनॉइज करून (तिच्यातला ग्रेन काढून) त्यावर कंपोझिट करा. मूळ प्लेटमधून डीनॉइज केलेली वजा केली की उरतो तो खरा ग्रेन. प्लेट शाबूत आहे तिथे तोच परत जोडा. नवा ग्रेन सीजीच्या अल्फापुरताच (सीजी जिथे दिसतं तेवढ्या भागापुरता). आणि शॉट चालवून तपासा, थांबलेल्या फ्रेमवर फसायला होतं.

प्लेटच नसलेल्या पूर्ण सीजी शॉटवर एक थर चालतो, पण मेसेजमध्ये तसं म्हटलेलं नाही. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.